हिरव्या कोटातला माणूस

"मग त्याला मारलं कुणी?" केलेबने विचारलं, आणि क्षणभर गित्ता बकोशला वाटलं, हा आपल्याच घराबद्दल विचारतो आहे. प्रश्न साधा होता, कामाचा होता. केलेब रस्टिन तिचा संपादक होता आणि असले प्रश्न विचारायचाच पगार घेत होता. समोर टेबलावर कॉफीचे कागदी पेले होते, खिडकीतून मॅनहॅटनचा एक उभा तुकडा दिसत होता, आणि गित्ताच्या मांडीवर तिच्या आराखड्याची पानं होती. आयुष्यभर तिच्या वाट्याला दुसऱ्यांच्या नायकांची किरकोळ साहसं आली होती. कुणी आजारी पडला, कुणाचं प्रकाशकाशी बिनसलं, की गित्ताला बोलवा. आता साठी गाठता गाठता कॉमिकमधल्या वेकमनची जन्मकथा नव्या वाचकांसाठी नव्याने सांगायचं काम तिच्याकडे चालत आलं होतं. लहानपणापासून तिला दुसरं काही लिहायचं नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. "कुणीच नाही," ती म्हणाली, "जुनी इमारत होती, बॉयलर गळत होता." केलेब मान हलवत हसला. त्याच्या हसण्यात कुजकेपणा नव्हता, हीच त्याची अडचण. "कुणीच नाही हे आता चालत नाही, गित्ता. आजचा वाचक विचारतो, कुणी केलं, का केलं. आपण म्हणालो कुणीच नाही, तर तो म्हणतो यांना लिहिताच येत नाही."

वेकमनची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. गिरणीत दोन पाळ्या करून आलेला वॉल्टर डॉर्न आजारी धाकट्या भावाच्या उशाशी बसतो. डॉक्टरने बजावलेलं असतं, आजची रात्र पोराजवळ कुणीतरी जागं पाहिजे. वॉल्टरचा डोळा लागतो. तळघरातल्या बॉयलरचा विषारी वायू जिन्याने वर चढतो, सकाळी सॅमी गेलेला असतो, आणि त्याच वायूने वॉल्टरच्या अंगात अशी उलथापालथ केलेली असते की त्याला पुन्हा कधीच झोप येत नाही. शहर झोपलं की त्याच्या अंगात दहा माणसांचं बळ येतं. मग अंगाला घट्ट कपडे, तोंडावर बुरखा, वेकमन हे नाव, म्हणजे जागा माणूस, आणि पुढे अर्ध्या शतकावर मारामाऱ्या. मारामाऱ्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत. लक्षात राहते ती एक चौकट: खुर्चीत मान टाकून झोपलेला वॉल्टर, पलंगावर सॅमी, आणि मागे खिडकीशी हिरवा कोट घातलेला एक माणूस. त्याच्याबद्दल मूळ गोष्टीत अवाक्षर नाही.

या धंद्यात एक रीत आहे. जन्मकथा पुन्हा सांगायची म्हटली की गडी आपल्याला हवं ते बदलतात, गिरणीचं गोदाम करतात, वायूचे किरण करतात, पण एखादी चौकट जशीच्या तशी ठेवतात. मागच्या माणसाला नमस्कार केल्यासारखं असतं ते. वेकमनच्या बाबतीत ती चौकट ही. मुळात तिथे नुसता एक हिरवा आकार होता, खांद्यासारखं काहीतरी आणि खाली सरळ उतरलेली बाजू. पुढच्याने त्याला कॉलर दिली. त्याच्या पुढच्याने हॅट दिली. मग एक काळ असा आला की सगळ्यांनाच दात आणि नखं काढायची हौस होती, तेव्हा त्या माणसाला एक नखाळ हातही फुटला. वाचकांनी पत्रं लिहिली, नंतर संगणकावर भांडणं केली. तो सैतान आहे, तो गिरणीचा मालक आहे, तो भविष्यातून आलेला खुद्द वॉल्टर आहे. कॉमिकच्या मेळाव्यांना भर उन्हाळ्यात हिरवे कोट घालून घाम गाळत फिरणारी मंडळी गित्ताने डोळ्यांनी पाहिली होती. आता केलेबने त्या सगळ्यांचं तोंड एकदाचं बंद करायचं ठरवलं होतं. हिरव्या कोटातल्या माणसाने बॉयलरची झडप उघडली. त्याने सॅमीला मारलं. त्याला नाव मिळणार, कारण मिळणार, आणि बारा अंकांच्या शेवटी वेकमन त्याच्या नरडीला हात घालणार.

तेव्हा गित्ता बोलून गेली. तो माणूस मुळात नाहीच, ती म्हणाली, तो पडदा आहे, रंग भरणाऱ्याची चूक आहे ती. केलेबच्या हातातला पेला थांबला. इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं असं नाही, पण तिच्या आवाजात ठामपणा होता, आणि त्याने विचारलं, चूक कुणाची. गित्ता म्हणाली, "असेल कुणीतरी. कनेक्टिकटमधली कुणी बाई." केलेब थोडा वेळ भिंतीवर लावलेल्या त्या चौकटीकडे बघत राहिला. ती त्याने लहानपणी आपल्या खोलीतही लावली होती म्हणे. मग तो शांतपणे म्हणाला की चूक असेलही, पण आता ती चूक उरलेली नाही, इतक्या लोकांनी त्या माणसाला पाहिलंय की तो आहेच. सोमवारपर्यंत विचार करा, तो म्हणाला, तुम्हीच लिहावं असं मला मनापासून वाटतं. पण खुनी नको असेल तर मला दुसऱ्या कुणाकडे जावं लागेल. जाताना त्याने ती चौकट मोठी करून छापलेला कागद गुंडाळी करून तिच्या हातात दिला. गित्ताने तो घेतला, आभार मानले, आणि लिफ्टमधून खाली येईपर्यंत तिच्या कानात आपलंच वाक्य वाजत राहिलं. कनेक्टिकटमधली कुणी बाई. असं आपण कसं म्हणालो हे तिला कळेना.

शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारची गाडी पकडून ती कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला आईकडे जायची, तशी आजही गेली. गाडीत खिडकीशी बसून तिने गुंडाळी मांडीवर धरली, पण उघडली नाही. ब्रिजपोर्टमध्ये एके काळी लांबलचक टेबलांवर बायका बसायच्या, आणि देशातल्या कितीतरी कॉमिकांचे रंग त्यांच्या हाताखालून जायचे. गित्ताची आई, इरेन, त्यातली एक. न्यू यॉर्कहून पानाचा नमुना यायचा, कुठे कोणता रंग ते त्यावर लिहिलेलं असायचं. बाईने काचेसारखा पारदर्शक कागद पानावर ठेवायचा आणि जिथे पिवळा हवा तेवढाच भाग कुंचल्याने भरायचा. मग दुसरा कागद तांबड्यासाठी, तिसरा निळ्यासाठी. गंमत अशी की तिन्ही कागदांवर रंग मात्र एकच, विटकरी, कारण छापखान्याच्या कॅमेऱ्याला तेवढाच नीट दिसायचा. आभाळ विटकरी, गवत विटकरी, नायकाचा झगाही विटकरी. इरेन बकोशने आयुष्याची उमेदीची वर्षं रंग भरण्यात घालवली आणि कामाच्या जागी एकही रंग पाहिला नाही. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या नखांच्या कडांना तो विटकरी डाग असायचा. भाजी चिरतानाही तो दिसायचा. लहानपणी गित्ताला वाटायचं, सगळ्यांच्या आयांची बोटं अशीच असतात.

छापून आलेले अंक कधीमधी घरी यायचे. गित्ता वाचायला शिकली ती त्यांच्यावर. चर्चमध्ये हंगेरियन, शाळेत इंग्रजी, आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत चित्रांची भाषा. एकदा तिने वेकमनच्या जन्मकथेचा तो जुना अंक कपाटाच्या तळातून काढला आणि आईला विचारलं, हा हिरवा माणूस कोण. इरेन इस्त्री करत होती. तिने अंकाकडे नुसती नजर टाकली आणि म्हणाली, हे पान माझं. मग म्हणाली, माणूस नाही तो, पांढरा पडदा आहे, माझा हात घसरला. बस्स एवढंच. मुलीला त्या वयात आईची चूक सापडण्याइतका मोठा आनंद नसतो, आणि गित्ताने तो आनंद कुणालाही न सांगता वर्षानुवर्षं जपला. जग ज्याच्यावर डोकं खाजवतंय ते मला माहीत आहे, आमच्या स्वयंपाकघरात माहीत आहे. कॉमिक लिहायची ओढ तिला लागली ती बहुधा तिथे. पण त्यात एक बोचही होती, कारण अंकाच्या पहिल्या पानावरचा महिना तिला ठाऊक होता. तो लात्सी गेल्याच्या नंतरचा होता.

लात्सी तिचा मोठा भाऊ. हंगेरीतून पळून येताना तो जेमतेम वर्षाचा होता. रडू नये म्हणून त्याला खसखशीचा काढा पाजून झोपवलं होतं आणि बापाने त्याला छातीशी धरून रात्रीतून शेतं तुडवत सीमेपलीकडे नेलं होतं. गित्ताचा जन्म इकडचा. लात्सीची तिला आठवण आहे ती तुकड्यातुकड्याने. त्याच्या गुडघ्यावरची खपली. तो सायकलवर पुढे बसवायचा तेव्हा मानेवर येणारा त्याचा श्वास. मग ताप, डोकं दुखतंय म्हणून ओरडणं, आणि मुलांच्या इस्पितळातला तो लांब वॉर्ड. त्या काळी आईबापांना पोराजवळ बसू देत नसत. आठवड्यातून दोनदा, दुपारी, ठरल्या वेळेला जायचं आणि घंटा झाली की निघायचं. लहान भावंडांना तर आत प्रवेशच नव्हता. गित्ता बाहेर बाकावर उभी राहून दाराच्या काचेतून बघत होती. घंटा झाली. इतर आया उठल्या. इरेन उठली नाही. तिने पलंगाची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली होती, आणि गित्ताच्या बापाने, फेरेंत्स बकोशने, तिचं एकेक बोट सोडवलं. आवाज काचेतून येत नव्हता, पण तो काय म्हणत होता ते गित्ताला त्याच्या ओठांवरून कळत होतं. वेळ संपली, इरेन. वेळ संपली. नर्स बाजूला हात बांधून उभी होती आणि बाप तिच्याकडे पाहून ओशाळं हसत होता. ते हसू गित्ता आजवर विसरलेली नाही.

लात्सी त्याच रात्री गेला. सकाळी शेजारच्या इलोना नेनींकडे फोन आला, कारण फोन त्यांच्याकडेच होता. गित्ताला त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, पुढ्यात खसखस आणि साखर घातलेल्या शेवया ठेवल्या, आणि सगळं घर हळू आवाजात बोलू लागलं. तिने बापाबद्दल विचारलं, अपु कुठाय. कुणीतरी म्हणालं, येईल. तो दुपारी आला. पोर मेलं त्या सकाळी बाप कामावर गेला होता, पितळेच्या कारखान्यात, पाळी चुकू नये म्हणून. असं तिने तेव्हा मनाशी धरलं आणि पुढे ते कधी सोडलं नाही. ज्याने एकदा अंधारात चोरून सीमा ओलांडली, तो माणूस या देशात आल्यावर रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही लाल दिव्याला थांबायचा. फॉर्म भरताना त्याचा हात थरथरायचा. गणवेश दिसला की टोपी काढायचा. गित्ता मोठी होत गेली तसा तिला त्याचा राग येत गेला, आणि रागाला शेवटी वाक्य सापडलं: याने आईची बोटं सोडवली. नियम होता म्हणून लात्सीला एकट्याला मरू दिलं. हे ती त्याला कधी बोलली नाही. नुसतं कमी बोलत गेली. त्याने विचारलं तर उत्तर द्यायचं, न विचारलं तर नाही. त्याच्या अंत्यविधीला ती उभी राहिली, सगळ्यांचे हात हातात घेतले, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. घरी परतल्यावर आई फक्त एवढंच म्हणाली की तुझा बाप तुझी सगळी पुस्तकं वाचायचा, इंग्रजी नीट येत नव्हतं तरी. गित्ताला ते ऐकून नुसता थकवा आला होता.

मग त्याला मारलं कुणी? केलेबचा प्रश्न तिच्या मनात घोळत राहिला. गाडीबाहेर समुद्राची खाडी येत होती, जात होती. ती केलेबवर एवढी का उखडली होती? कुणीच नाही, बॉयलर गळत होता, हे ती इतक्या तावातावाने सांगत होती, आणि स्वतःच्या घरात मात्र तिने खुनी केव्हाच ठरवून ठेवला होता. नाव, कारण, सगळं. वाचकांनी तरी पडद्याला माणूस बनवला होता. तिने काय केलं होतं? हा विचार तिला आवडला नाही. तिने तो बाजूला सारला, आणि तो बाजूला जाऊन तिथेच बसून राहिला. ब्रिजपोर्ट आलं तेव्हा ऊन अजून होतं.

इरेन आता चौऱ्याऐंशीची. घर तेच, छोटं, पायऱ्यांना लोखंडी कठडा. लेक येणार म्हणून तिने कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून शिजवला होता, वर आंबट साय, आणि गित्ताने कोट काढायच्या आत तिची थाळी भरली. "वाळलीस," ती म्हणाली. "त्या शहरात जेवत नाहीत का? का नुसतं बोलतात?" गित्ता म्हणाली, नुसतं बोलतात. दोघी जेवल्या. शेजारच्या पोरीचं लग्न मोडलं, नवा पाद्री हंगेरियन वाचताना अडखळतो, इलोना नेनींचा नातू घर विकतोय, अशा गोष्टी झाल्या. भांडी आवरल्यावर गित्ताने काही ठरवलेलं नसताना गुंडाळी उघडली आणि टेबलावर पसरली. कोपऱ्यांवर मीठदाणी आणि साखरेचा डबा ठेवला. केलेबला काय हवंय ते तिने आईला थोडक्यात सांगितलं. तो खुनी ठरणार, अन्यु, तुझा पडदा. हे ती हसत सांगणार होती, पण हसू आलं नाही, कारण इतकी मोठी करून ती चौकट तिने पहिल्यांदाच पाहिली होती, आणि तिला तिथे जे दिसलं ते इतकी वर्षं दिसायला हवं होतं.

काळ्या रेषेत पडदाच होता. चित्रकाराने पडद्याच्या चुण्या काढल्या होत्या, माणसाची एकही रेष नव्हती. हिरवा रंग मात्र चुण्यांपाशी थांबला नव्हता. तो एका ठिकाणी आत वळला होता, तिथे मान झाली होती; मग बाहेर उतरला होता, तो खांदा; मग सरळ खाली. पडदा नमुन्यात पांढरा होता, हे गित्ताला ठाऊक होतं. पांढऱ्याला काही भरायचंच नसतं. हिरव्यासाठी पिवळा लागतो आणि निळाही. म्हणजे दोन वेगळे कागद, दोनदा कुंचला, आणि दोन्ही वेळा तीच मान, तोच खांदा, केसभरही इकडेतिकडे नाही. एका कागदावर हात घसरू शकतो. गित्ताने मान वर केली. इरेन टेबलाच्या पलीकडे उभी राहून त्या कागदाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आठवायचा प्रयत्न करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा भाव नव्हता.

"तुझा हात घसरला नव्हता," गित्ता म्हणाली.

इरेनने खुर्ची ओढली आणि बसली. हात कधी घसरायचा नाही माझा, ती म्हणाली, माझ्या हातावर तर त्यांनी मला ठेवलं होतं. लात्सीला पुरलं आणि पुढच्या सोमवारी ती कामावर गेली, कारण घरात बसवेना. समोर आलं ते हे पान. पलंग, पोर, आणि बाजूला झोपी गेलेला थोरला. ती म्हणाली, मी बघत बसले. मुकादम दोनदा येऊन गेला, बोलला नाही काही, त्याला माहीत होतं. त्या चित्रातलं पोर खिडकीकडे तोंड करून पडलेलं होतं आणि खिडकीत कुणी नव्हतं. तिला ते बघवेना. गित्ताने हळूच विचारलं, म्हणून तू कुणीतरी तिथे उभं केलंस.

"कुणीतरी काय? तुझा बाप तो." इरेनने बोट कागदावर ठेवलं, खांद्याच्या वळणावर. "त्याचा हिरवा लोडनचा, जाड लोकरीचा कोट होता, तिकडून आणलेला. लात्सीला त्यातच गुंडाळून आणलं होतं. तू नाही पाहिलास फारसा. लात्सी गेल्यावर त्याने तो कधी घातला नाही, देऊन टाकला."

गित्ताला काही समजेना. बाप तिथे नव्हता, ती म्हणाली. बाप तर तुला ओढून घरी घेऊन आला. तिने वाक्य जसं आयुष्यभर मनात बाळगलं होतं तसंच बाहेर काढलं, बोटं सोडवण्याचं, नर्सकडे पाहून हसण्याचं, आणि सकाळी कामावर जाण्याचं. इरेन ऐकत होती. मध्येच तिच्या भुवया वर गेल्या.

"कामावर?" ती म्हणाली. "कामावर कुठला गं जातोय. मला घरी सोडलं, तुला झोपवलं, आणि परत गेला तो. पायीच. दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. नियम आहे म्हणे. मग हा समोरच्या फुटपाथवर उभा राहिला, लात्सीच्या खिडकीखाली. जागी होते तोवर मी वाट बघितली. सकाळी फोन आला तेव्हा हा तिथेच होता. त्याला वर काय झालं ते आमच्यानंतर कळलं."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यानेच सांगू दिलं नाही. लाज वाटायची त्याला. म्हणायचा, सीमेवर बंदुका होत्या तर गेलो, आणि इथे एका दरवानाला घाबरलो. ढकलून गेलो असतो तर काय केलं असतं त्यांनी, असं म्हणायचा. मरेपर्यंत म्हणायचा." इरेनने बोट उचललं आणि एप्रनची कड त्या जागेवरून फिरवली, जणू तिथे काही सांडलं होतं. "त्यांनी त्याला आत सोडलं नाही. मी सोडलं."

गित्ता कागदाकडे बघत राहिली. हॅट नाही, कॉलर नाही, नखं नाहीत. नुसता खांदा, थोडा वाकलेला. तिला तो खांदा ओळखीचा वाटला, आणि मग आठवलं की लाल दिव्याला थांबलेला असताना तो असाच उभा राहायचा, कुणी म्हणेल तेव्हा जायला तयार असलेला. ती रडली. बापाच्या अंत्यविधीला न आलेलं सगळं आता आलं, आणि तिने ते थांबवलं नाही. इरेन उठली नाही, जवळ आली नाही. तिने फक्त साखरेचा डबा कागदावरून उचलून कडेला ठेवला, कारण कागद आता आपोआप सपाट राहत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली की त्या तुझ्या माणसाला सांग, पाहिजे तर मला शिव्या घाल, पण त्याला खुनी करू नकोस.

गित्ता पायऱ्यांवर जाऊन बसली आणि केलेबला फोन लावला. सोमवारपर्यंत थांबलं तर आपलं धैर्य गळेल असं तिला वाटलं. ती म्हणाली, तुझं बरोबर आहे, खिडकीशी माणूस आहे. केलेब आनंदला. मग ती सांगू लागली. सॅमी मरतो तेव्हा जागा असतो, ती म्हणाली. तो खिडकीकडे बघत असतो आणि त्या माणसाला ओळखतो. माणूस झडप उघडायला आलेला नाही. वायू कुणीच सोडलेला नाही, बॉयलर गळत होता. माणूस फक्त आला आहे. त्याला येऊ देत नव्हते, तरी आला आहे. संवाद नाही, बोलण्याचा एकही फुगा नाही. हे पटलं तर मी लिहीन, नाही तर तू दुसरं कुणी बघ, मी रागावणार नाही.

रस्त्यावर कुणाचं तरी पोर चेंडू भिंतीवर मारत होतं. मग केलेबने आपल्या धंद्याचा प्रश्न विचारला, आणि तो योग्य प्रश्न होता. कुणीतरी होतं म्हटल्यावर वॉल्टरला अपराध कसला वाटतो? मग तो आयुष्यभर झोपत का नाही?

"त्याला कुणी सांगितलंच नाही," गित्ता म्हणाली.

केलेबने श्वास घेतला तो तिला ऐकू आला. तो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज संपादकाचा राहिला नव्हता, भिंतीवर चौकट लावून झोपणाऱ्या कुणा पोराचा होता. "मग कधी कळतं त्याला?"

गित्ताने मागे वळून जाळीच्या दारातून आत पाहिलं. इरेन अजून टेबलाशीच होती. तिने चष्मा लावला होता आणि ती कागदावर वाकली होती.

"उशिरा," गित्ता म्हणाली. "फार उशिरा. पण कळतं."